गुडघे सांभाळून योसेमिटी

योसेमिटी बघायला मान लागते, पाय त्या मानाने कमी लागतात. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेतली ही दरी सुमारे ११ किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे. तळ सपाट. उंची १,२०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा कमीच, तेव्हा दम लागायचं कारण नाही. दोन्ही बाजूंना हजारेक मीटरचे ग्रॅनाइटचे कडे सरळ उभे. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात मुलांकडे राहायला आलेल्या आई-बाबांना न्यायला एवढी सोयीची राष्ट्रीय उद्यानं थोडीच. तरी पुष्कळांचा दिवस फसतो आणि बहुधा क्रमामुळे फसतो. अकराला पोचायचं, तासभर पार्किंग शोधायचं, ऊन समोरून येत असताना टनेल व्ह्यू या दरी बघायच्या जागी फोटो काढायचे आणि धबधब्यावर जायचं तेव्हा इंद्रधनुष्य कधीच विरून गेलेलं.

खालचा आराखडा जूनच्या पहिल्या आठवड्यातला आहे, मंगळवार ते गुरुवार, दोन मुक्कामांचा. मेचा शेवटचा सोमवार मेमोरियल डेचा. त्या जोडसुट्टीत दरीतल्या गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. ती उलटली की शाळांच्या सुट्ट्या लागेपर्यंत थोडी उसंत मिळते, वरचं बर्फ अजून वितळत असतं म्हणून धबधबे भरलेले असतात, आणि कड्यावरून दरी दाखवणाऱ्या ग्लेशियर पॉइंटचा रस्ता बहुतेक वर्षी तोवर उघडलेला असतो. ऑगस्टअखेर गेलात तर योसेमिटी फॉलच्या जागी कड्यावरचा काळा ओघळ तेवढा दिसतो. त्या ओढ्याचं वरचं खोरं उघड्या ग्रॅनाइटचं आहे, पाणी धरून ठेवायला माती नाही. बर्फ संपलं की ओढा संपला.

निघण्याआधी

प्रवेशाचा हिशोब आधी मांडावा. गाडीमागे ३५ डॉलर, ते सात दिवस चालतात. २०२६ पासून मात्र अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना योसेमिटीसह अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा पडतात. व्हिसावर आलेल्या दोघांचे दोनशे तिथेच गेले. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, त्यामुळे याच मुक्कामात ग्रँड कॅन्यन किंवा झायनही करायचं असेल तर पासच परवडतो. ६२ वर्षांवरच्यांचा ८० डॉलरचा आजन्म सीनियर पास फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. काही वर्षी गर्दीच्या दिवसांत गाडीचं आगाऊ आरक्षणही लागलं आहे. हे नियम दरवर्षी हलतात, तेव्हा उद्यानाच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचं पान उघडूनच तारीख ठरवावी. नाक्यावर कार्डच काढावं, नोटांच्या भरवशावर राहू नये. दोघांचे पासपोर्टही बॅगेच्या तळाशी नकोत.

राहायला सगळ्यात सोयीचं योसेमिटी व्हॅली लॉज. आरक्षण वर्षभर आधी उघडतं आणि भराभर भरतं, पण रद्द झालेल्या खोल्या परत येत राहतात. निघायच्या महिनाभर आधीपासून रोज सकाळी एकदा बघितलं तर नशीब उघडू शकतं. खोली तळमजल्याची मागायची. ‘करी व्हिलेज’ नाव ऐकून हुरळून जाऊ नये. डेव्हिड आणि जेनी करी या नवराबायकोने १८९९ मध्ये काढलेला तो तंबूंचा तळ, रश्शाचा काही संबंध नाही. तिथल्या कापडी तंबूंना स्वतःचं बाथरूम नसतं. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाने थंडीत टॉर्च घेऊन बाहेर चालत जायचं, हे काही सत्तरीला झेपणारं नाही. दरीत काहीच मिळालं नाही तर बाहेर एल पोर्टल बरं, दरीपासून साधारण अर्ध्या तासावर.

सामानात दोन गोष्टींवर कंजूषी नको. एक, ८ पट वाढवणारी दुर्बीण; उपयोग दुसऱ्या दिवशी कळेल. दुसरी, थरावर थर घालता येतील असे कपडे, कारण पहाटे दहा अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी सत्तावीस-अठ्ठावीसवर जातो. दोघांसाठी एकेक चालायची काठी, रबरी टोकाची. कुरणांत डास असतात, त्याचं मलमही. औषधं तीन दिवसांची लागत असतील तर पाच दिवसांची घ्यावीत, दरड कोसळून रस्ते बंद होण्याचा मुलूख आहे. नकाशे आधीच ऑफलाइन उतरवून ठेवावेत. दरीत मोबाइलची रेंज येते-जाते, आणि वाटेत तर जातेच.

पहिला दिवस: सॅन होजे ते दरी

बे एरियातून सगळे हायवे १२० धरतात, कारण नकाशा तोच जवळचा दाखवतो. त्या रस्त्यावर मोकासिननंतर प्रीस्ट ग्रेडचा घाट लागतो. जुना घाट सरळसोट आणि भयंकर चढाचा, त्यात गाडी तापते. नवा घाट वळणावळणाचा, त्यात मागच्या सीटवरचं माणूस ओकतं. पुढे ग्रोव्हलँडपासून उद्यानापर्यंत पुन्हा वळणं. गाडी लागणारं कुणी बरोबर असेल तर हायवे १४० घ्यावा. सॅन होजेहून पाचेको पास ओलांडून मर्सेड, तिथून मॅरिपोसा आणि मग मर्सेड नदीच्या काठाकाठाने आर्च रॉक प्रवेशद्वार. एकूण तीनशेएक किलोमीटर. वेळ थोडा जास्त लागेल, पण शेवटचा टप्पा नदीबरोबर हळूहळू चढतो आणि पोट जागेवर राहतं. थांबे धरून साडेपाच तास समजावेत. पहिला थांबा पाचेको पासजवळ सॅन लुईस जलाशयापाशी, दुसरा मर्सेडमध्ये जेवायला.

मॅरिपोसात टाकी भरायचीच. योसेमिटी दरीत पेट्रोल पंप नाही. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंग आहे, पण रांग असते. दूध, दही, केळी इथेच घ्यावीत. मॅरिपोसा सोडल्यावर एके ठिकाणी रस्ता अचानक नदीच्या पल्याड जातो आणि थोड्या अंतराने परत येतो. २००६ मध्ये फर्ग्युसनची दरड हायवेवर आली, तेव्हा केलेली ही सोय. अरुंद, एकेरी पूल आणि दोन्ही टोकांना सिग्नल. पंधरा मिनिटं थांबावं लागलं तर गाडी बिघडली, पुढे अपघात झाला वगैरे तर्क नकोत. तिथे दुरुस्तीची कामंही निघतात, म्हणून निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती बघावी.

संध्याकाळी पोचल्यावर एकच काम: अस्वलांपासून खाऊ लपवणं. अंधार पडल्यावर गाडीत खाण्याची कुठलीही वस्तू ठेवायची नाही, हा इथला नियम आहे आणि त्याला दंड आहे. काळ्या अस्वलाचं नाक इतकं तीक्ष्ण की बंद डिकीतला वास त्याला लागतो आणि गाडीचं दार ते वाकवून उघडतं. ‘खाण्याची वस्तू’ म्हणजे वास येणारं सगळं: दशम्या, लसणाची चटणी, लोणचं, हिंगाची डबी तर आलीच, पण टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, पर्समधला खोकल्याच्या गोळ्यांचा कागदसुद्धा. लॉजमध्ये असाल तर सगळं खोलीत न्यावं आणि बाहेर पडताना खिडक्या लावाव्यात. नाहीतर पार्किंगजवळ लोखंडी पेट्या असतात. त्यांची कडी झाकणाआड हात घालून दाबावी लागते. संधिवाताच्या बोटांना ते जड जातं, म्हणून हे काम धडधाकट बोटांच्या माणसाकडे द्यावं. सीटखाली लाडूचा चुरा राहिला का, तेही वाकून बघावं.

दुसरा दिवस: दरी, सूर्याच्या वेळेने

दरीतला मुख्य रस्ता एकेरी आहे. साउथसाइड ड्राइव्हने आत, पूर्वेकडे. नॉर्थसाइड ड्राइव्हने बाहेर, पश्चिमेकडे. एखादा थांबा चुकला तर मागे फिरता येत नाही, पूर्ण वळसा घालून यावं लागतं. म्हणून गाडी दिवसातून दोनदाच हलवायची: सकाळी आणून लावायची, दुपारी साडेतीननंतर काढायची. मधल्या वेळात फुकटची शटल. एल पोर्टलहून येणाऱ्यांनी साडेसातच्या आत पार्किंग गाठावं. सुट्टीच्या दिवसांत नऊनंतर मोकळी जागा दिसली तर ती अपंगांसाठी राखीव असते, असं समजून चालावं.

पहिलं ठिकाण लोअर योसेमिटी फॉल, शटलचा सहा नंबरचा थांबा. पूर्ण धबधबा ७३९ मीटरचा, तीन टप्प्यांत. वरचा टप्पा ४३६ मीटर, मध्ये खडकांतून उड्या, आणि खालचा ९८ मीटर. आपण जातो त्या खालच्याच्या पायाशी. वाट गोल, सुमारे १.६ किलोमीटरची. पश्चिमेकडच्या फाट्यावरून वरचा आणि खालचा धबधबा एका ओळीत दिसतात, फोटो तिथूनच. पूर्वेकडचा फाटा जास्त सपाट आहे, चाकाची खुर्ची जाते. गुडघ्याचं फार दुखणं असेल त्याने पूर्वेकडूनच जावं आणि तसंच यावं. दरीत सायकली भाड्याने देणाऱ्यांकडे चाकाच्या खुर्च्याही मिळतात, ते विचारून ठेवावं.

धबधब्यासमोरच्या पुलावर पाऊण तास तरी उभं राहावं, साडेआठ ते सव्वानऊ. सूर्य पाठीशी असतो आणि तुषारांवर इंद्रधनुष्य उमटतं. सूर्य क्षितिजावर ४२ अंशांपेक्षा वर चढला की कमान नजरेच्या पातळीखाली जाते. जूनमध्ये ही वेळ साडेनऊची. नंतर येणारी मंडळी फक्त भिजून जातात. भिजायचं मात्र सगळ्यांनाच. कानातलं यंत्र पुलाच्या अलीकडेच काढून डबीत ठेवावं, चष्म्याला सुती रुमाल वरच्या खिशात असावा. पुलापलीकडच्या शिळांवर पोरं चढताना दिसतील. ते बघून आपणही चार पावलं टाकावीत असं वाटतं आणि नेमकी तिथे मनगटं मोडतात. ओला ग्रॅनाइट तेल सांडलेल्या शहाबादी फरशीसारखा असतो. या उद्यानात जीव जातात त्यात अस्वलांचा हात नाही. पाणी आणि त्याकाठचे गुळगुळीत खडक हे कारण आहे.

बाकावर न्याहारी काढली की खारी येतात, अगदी पायापाशी. दाणा टाकायचा नाही. कायदा आहेच, शिवाय त्या चावतात.

दहाच्या सुमाराला रस्ता ओलांडून कुक्स मेडोच्या फळ्यांच्या वाटेने हळूहळू चालत सेंटिनेल पुलाकडे जायचं. सपाट चाल. पाठीमागे योसेमिटी फॉल पूर्ण उंचीचा दिसतो, समोर पूर्वेला हाफ डोम. अर्धा कापल्यासारखा दिसतो म्हणून हाफ, पण त्याचा दुसरा अर्धा कधी नव्हताच. ग्रॅनाइटमधल्या उभ्या भेगेने एक बाजू ढासळली, तीही घुमटाचा थोडाच भाग. सकाळी त्याचा सपाट चेहरा सावलीत असतो. फोटो आत्ता काढून निराश होऊ नये, संध्याकाळी इथेच परत यायचं आहे.

मग योसेमिटी व्हिलेजमधलं म्युझियम. बहुतेक लोक इथल्या दुकानात टोप्या घेऊन परततात आणि मागची जागा बघतच नाहीत. मागे ‘अहवानीची’ नावाच्या इथल्या मूळ लोकांची वस्ती पुन्हा उभी केली आहे, देवदाराच्या जातीच्या झाडाच्या सालींची शंकूसारखी घरं. ही दरी त्यांची. १८५१ मध्ये मॅरिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने त्यांना इथून हुसकावलं, १८६४ मध्ये लिंकनने दरी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली, १८९० मध्ये भोवतालचं राष्ट्रीय उद्यान झालं. या तारखा पाटीवर वाचता येतात. पण बघायचे ते खडकातले खड्डे. ओकची फळं कांडायला ग्रॅनाइटमध्येच केलेली उखळं, वापरून वापरून आत गुळगुळीत झालेली. ही फळं तुरट-कडू असतात. पीठ करून त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतून कडवटपणा काढायचा आणि मग शिजवायचं. नाचणीचं सत्त्व काढलेल्या बाईला हे लगेच कळेल.

जेवायला डेग्नन्स किचनमध्ये सँडविच-सॅलड मिळतं, लॉजच्या बेस कॅम्प ईटरीत शाकाहारी माणसाची पोटापुरती सोय होते. चव यथातथा. दशम्या आणि दही नेलं असेल तर तेच खावं. नंतर दीड तास आडवं व्हायचं, खोलीत किंवा झाडाखाली चटईवर. ही झोप वगळून दुपारी मिरर लेक करायचा मोह होतो. जाऊन-येऊन ३ किलोमीटरचं चालणं, आणि नावात लेक असलं तरी ते नदीचं तात्पुरतं साचलेलं पाणी आहे. मिस्ट ट्रेलवर व्हर्नल फॉलच्या पुलापर्यंतची वाट फरसबंदी असली तरी चढाची आहे. पुलापुढे सहाशेवर ओल्या दगडी पायऱ्या, त्यांचं तर नावच काढू नये. चढताना जमतं, उतरताना गुडघा जाब विचारतो.

अडीचला शटलने एल कॅपिटनचं कुरण. इथे दुर्बीण बाहेर काढायची. समोरचा कडा तळापासून सुमारे ९०० मीटर, जवळजवळ सरळ. सह्याद्री बघितलेल्या डोळ्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, कारण आपले कडे बसाल्टचे, लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. प्रत्येक थराला पट्टी असते, पट्टीवर गवत असतं, नजर पायऱ्या मोजत चढते. इथे ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात खोलवर, दहा कोटी वर्षांपूर्वी हळूहळू थिजला; थर नाहीतच. नंतर वर आला आणि हिमनद्यांनी बाजू खरवडल्या. नजरेला टेकायला पट्टी नाही, म्हणून उंचीचा अंदाजच येत नाही. माणूस दिसला की येतो.

माणूस असा शोधावा. कड्याच्या मध्यावर नाकासारखी पुढे आलेली धार दिसते, तिला ‘नोज’च म्हणतात. धारेच्या उजवीकडे फिकट खडकावर काळा मोठा डाग आहे, उत्तर अमेरिकेच्या नकाशासारखा. डावीकडे हृदयाच्या आकाराचा खोलगट भाग. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात दुर्बीण खालून वर अगदी सावकाश न्यायची आणि लाल, पिवळा, निळा ठिपका शोधायचा. ठिपका हलला तर गिर्यारोहक, नुसता लटकत असेल तर त्यांची सामानाची पिशवी. साधारण तीन ते पाच दिवस लागतात, रात्री दोरावर टांगलेल्या खाटेवर झोपतात. नोज पहिल्यांदा सर झाली १९५८ मध्ये. २०१७ मध्ये अ‍ॅलेक्स होनॉल्ड एल कॅपिटन दोराशिवाय चढला. कुरणातल्या गवतात मात्र पसरू नये, आखलेल्या वाटांवरच बसावं.

साडेतीननंतर गाडी काढून नॉर्थसाइड ड्राइव्हने पश्चिमेकडे. पोहोनो पुलाच्या जरा आधी डावीकडे व्हॅली व्ह्यूचं छोटंसं पार्किंग येतं. वेग कमी ठेवला नाही तर हमखास चुकतं. नदीला लागून गाडी उभी राहते, तेव्हा ज्याचे पाय आता बोलायला लागले आहेत त्याने खिडकी उघडून आतूनच बघितलं तरी चालेल.

पूल ओलांडला की ब्रायडलवेल फॉल. १८८ मीटर. बारा महिने वाहतो. वाट जाऊन-येऊन जेमतेम ८०० मीटर, शेवटी थोडा चढ. इथे सकाळी यायचं नाही, सकाळी सावली असते. दुपारी साडेचारनंतर सूर्य पुन्हा ४२ अंशांखाली येतो आणि पश्चिमेकडून ऊन पडतं. वाऱ्याने धबधबा पडद्यासारखा डावी-उजवीकडे हलतो, त्याबरोबर रंगाची कमान तुटते, जुळते. स्वच्छतागृह इथेच आटपून घ्यावं, पुढच्या थांब्यावर ते नाही.

पुढचा थांबा टनेल व्ह्यू, रस्त्याने दोनेक किलोमीटर वर, १९३३ च्या बोगद्याच्या तोंडाशी. पार्किंग दोन्ही बाजूंना आहे. वरच्या बाजूला गाडी लावली तर वाहता रस्ता ओलांडावा लागतो, म्हणून आई-बाबांना खालच्या बाजूला उतरवून मग गाडी लावावी. डावीकडे एल कॅपिटन, उजवीकडे ब्रायडलवेल, मधोमध लांबवर हाफ डोम. सूर्य पाठीशी. सहाच्या सुमाराला टूर बसची गर्दी ओसरलेली असते आणि दगडी कठड्यालगत टेकायला जागा मिळते. सकाळी अकराला काढलेल्या फोटोत या तीनही गोष्टी राखाडी दिसतात.

मुक्काम दरीत असेल तर इथून परत सेंटिनेल पुलावर जावं. सूर्यास्त सव्वाआठच्या आसपास. शेवटचा अर्धा तास हाफ डोमच्या त्या सकाळच्या काळ्या चेहऱ्यावर ऊन येतं, आधी पिवळं, मग गुलाबी, आणि नदीत उलटं दिसतं. एल पोर्टलला परतायचं असेल तर टनेल व्ह्यूवरूनच निघावं. अंधारात हरणं रस्त्यावर येतात.

गाडी नसलेल्यांनी हिरमुसू नये. मर्सेड स्टेशनपर्यंत रेल्वे, तिथून यार्ट्सची बस थेट दरीत येते. दरीतली शटल टनेल व्ह्यूला जात नाही, पण लॉजवरून निघणारी दोन तासांची सशुल्क व्हॅली फ्लोअर टूर जाते. दुपारनंतरची फेरी घ्यावी.

तिसरा दिवस: ग्लेशियर पॉइंट आणि उतार

दरीतून तासाभराची गाडी. उंची २,१९९ मीटर, शिमल्याएवढी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी गाडीतून पटकन उठू नये, चक्कर येते. स्वेटर वर काढून ठेवावा. आधी वॉशबर्न पॉइंटला थांबायचं. व्हर्नल आणि नेवाडा हे दोन धबधबे एकाखाली एक इथून सगळ्यात स्वच्छ दिसतात, शिवाय पायऱ्या न चढता. मग शेवटच्या पार्किंगपासून थोडी डांबरी वाट कठड्यापर्यंत जाते. खाली ९७५ मीटरवर काल चाललेलं कुरण रुमालाएवढं दिसतं. दुर्बिणीतून सेंटिनेल पूल शोधता येतो, त्यावरचे लोकही.

रस्ता उघडलाच नसेल तर थेट मॅरिपोसा ग्रोव्ह, म्हणजे सेक्वोया या प्रचंड वृक्षांची राई. तिथल्या सेक्वोयांत ग्रिझली जायंट तीन हजार वर्षांच्या घरातला आहे. चालायचं नसेल तर बिग ट्रीजची अर्ध्या किलोमीटरची छोटी फेरी पुरे.

ग्लेशियर पॉइंटहून परतताना चिन्क्वापिनच्या फाट्यापर्यंत २६ किलोमीटर, आणि पुढे पुन्हा उतार. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर सोडून ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की अर्ध्या वाटेत जळका वास येतो. गिअर खालचा टाकावा, ‘एल’ किंवा ‘२’. वास आलाच तर चिन्क्वापिनला वीस मिनिटं थांबायचं. स्वच्छतागृह आहे, थर्मासमधला चहा तिथे संपवता येतो. ब्रेकवर पाणी मात्र ओतायचं नाही.